मंद उजेडातील छायाचित्र

बंगळूरच्या उत्तरेस, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हेब्बाळ नावाची वस्ती आहे. एके काळी हे तळ्याकाठचे खेडे होते. आज ते तळे उड्डाणपुलाच्या शेजारी कसेबसे अंग चोरून बसले आहे आणि खेड्याभोवती उंच इमारतींचे कडे पडले आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी येथे राहावयास आलो. आमच्यासारखी आणखी काही मराठी घरे आसपास आहेत. गणपतीची आरती, कोजागरीचे दूध, दिवाळी पहाटेचे गाणे अशा निमित्तांनी ही मंडळी एकत्र जमतात. या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. ते बहुधा सूर्य मावळल्यानंतर किंवा उगवण्यापूर्वी होतात. अशा वेळी घेतलेली छायाचित्रे का बिघडतात आणि ती चांगली यावीत म्हणून कोणता कॅमेरा व कोणती साधने निवडावीत, याविषयी आज मला आपणांशी बोलावयाचे आहे.

मी व्यावसायिक छायाचित्रकार नाही. तथापि या विषयातील अज्ञानाची किंमत मी मोजलेली आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने बोलत आहे.

माझ्या वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन आम्ही हेब्बाळलाच केले. सायंकाळी एक्याऐंशी दिव्यांनी त्यांना ओवाळावयाचे होते. दिवे परातीत मांडून झाले, वाती पेटल्या, आणि कोणीतरी हौसेने सभागृहातील विजेचे दिवे मालवले. एरवी गंभीर असणारा वडिलांचा चेहरा त्या पिवळ्या उजेडात एकाएकी मऊ झाला. आई ओवाळू लागली. माझ्या हाती नवा कॅमेरा होता. त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत चोवीस मेगापिक्सेल असे छापलेले होते. मी बटण दाबले आणि फ्लॅशचा लख्ख झोत पडला. चित्रात वडिलांचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा, मागे काळोख, आणि ज्योतींचे तेज पार नाहीसे झालेले. घाईने फ्लॅश बंद केला. त्यानंतरच्या चित्रांत आईचा हात म्हणजे एक पुसट रेघ आहे, आणि वडिलांना दोन दोन नाके आहेत. पुढच्या वर्षी वडील गेले. त्या संध्याकाळचे एकही धड चित्र आमच्या घरी नाही. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. गरज काय आहे याचा विचार न करता मी वस्तू विकत घेतली होती.

गेलेल्या माणसाचे रूप जपून ठेवावे ही इच्छा काही आजची नाही. याच हेब्बाळात २०१८ साली आठव्या शतकातील एक वीरगळ उजेडात आला. गंग राजा श्रीपुरुष याच्या कारकीर्दीत राष्ट्रकूटांशी लढताना पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराचा तो दगड. त्यावर त्याची आकृती कोरलेली आहे आणि जुन्या कन्नड लिपीत त्याचे नाव आहे. त्या काळी एका माणसाची आठवण राखावयाची तर पाथरवटाला कित्येक दिवस छिन्नी चालवावी लागे. आपणांस एका सेकंदाचा साठावा भागही पुरतो. मात्र तो साठावा भाग हुकला, तर तो पुन्हा मिळत नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. सरकारी खरेदीची एक शिस्त असते. आधी गरज लिहावयाची, मग वस्तूचे वर्णन, आणि किमतीचा विचार शेवटी. कॅमेऱ्याच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो.

मग आपली गरज काय? उजेड लक्स या एककात मोजतात. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावर जेवढा उजेड पाडते, तो सुमारे एक लक्स. कचेरीतील टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स असतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो. एक्याऐंशी वातींचा उजेड मीटरभर अंतरावर फार तर ऐंशी लक्स, म्हणजे उन्हाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. आपला डोळा या फरकाशी इतक्या सहजपणे जुळवून घेतो की तो आपल्या ध्यानातही येत नाही. कॅमेऱ्याला मात्र या उजेडाचा हिशेब चुकवता येत नाही.

हा हिशेब जुळविण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, कॅमेऱ्याचे शटर अधिक वेळ उघडे ठेवणे. दुसरा, संवेदकाची, म्हणजे जुन्या फिल्मची जागा घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीची, संवेदनशीलता वाढविणे; तिला आयएसओ म्हणतात. तिसरा, भिंगाचे छिद्र मोठे करून मुळातच अधिक उजेड आत घेणे.

पहिल्या मार्गाला लवकरच मर्यादा येते. स्थिर बसलेल्या माणसासाठी सेकंदाचा साठावा भाग चालतो; ओवाळणाऱ्या हातासाठी एकशेपंचविसावा भाग लागतो, आणि फुगडी किंवा लेझीम असेल तर अडीचशेवा भागही कमी पडतो. हल्ली कॅमेऱ्यात कंप शोषून घेणारी यंत्रणा असते. ती आपल्या हाताचा कंप सावरते. समोरच्या माणसाची हालचाल तिला थांबविता येत नाही. विक्रेते हा फरक क्वचितच सांगतात.

दुसऱ्या मार्गाने गेल्यास चित्रावर वाळू पसरल्यासारखे दाणे दिसू लागतात. फिल्मच्या काळात चारशेची फिल्म सोळाशेपर्यंत ताणली म्हणजे मोठे साहस वाटे. आजचे चांगले संवेदक बत्तीसशे, चौसष्टशे आयएसओपर्यंत समाधानकारक काम देतात. हल्लीची सॉफ्टवेअर थोडेफार दाणे काढूनही टाकतात. म्हणून या आकड्याला भिऊ नये. दाणेदार चित्र भिंतीवर लावता येते. हललेले चित्र लावता येत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत फलदायी आहे, आणि बहुतेक जण नेमके त्याच्याचकडे दुर्लक्ष करतात. भिंगावर एफ हे अक्षर आणि त्यापुढे एक आकडा असतो. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे झूम भिंग पुढे खेचले म्हणजे त्याचे छिद्र बहुधा एफ ५.६ वर येते. त्याऐवजी एफ १.८ चे भिंग लावले, तर सुमारे दहापट उजेड आत येतो. दहापट! हा लाभ नुसता नवा कॅमेरा घेऊन मिळत नाही. पन्नास मिलिमीटरचे एफ १.८ भिंग तुलनेने स्वस्तही असते. माझ्या खोक्यावरील चोवीस मेगापिक्सेल त्या संध्याकाळी निरुपयोगी ठरले, कारण पुढचे भिंग अंधारात जवळजवळ आंधळे होते.

मेगापिक्सेलच्या आकड्याचा मोह कशाला म्हणतात, हे इतिहासावरूनही दिसते. १९७५ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनविला, तेव्हा त्याच्या चित्रात अवघे दहा हजार बिंदू होते, आणि ते चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास तेवीस सेकंद लागत. त्या काळी बिंदूंची वाण होती. आज साध्या कॅमेऱ्यातही घरगुती उपयोगाला पुरून उरतील इतके बिंदू असतात. वाण आहे ती उजेडाची.

तेव्हा खरेदीचा क्रम असा ठेवावा: आधी भिंग, मग कॅमेरा. घरगुती समारंभासाठी एकच भिंग घ्यावयाचे तर पस्तीस किंवा पन्नास मिलिमीटरचे, एफ १.८ चे, घ्यावे. रंगमंच दूर असेल तर पंच्याऐंशी मिलिमीटरचे. व्यावसायिक मंडळी एफ २.८ चे झूम भिंग वापरतात. ते सोयीचे खरे, पण जड आणि महाग. एक सावधगिरी मात्र हवी. मोठ्या छिद्राने चित्रातील स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. एकाच्या डोळ्यांवर नेम साधला की शेजारच्याचा चेहरा पुसट होतो. चार माणसे ओळीने बसली असतील, तर छिद्र थोडे लहान करावे.

कॅमेरा निवडताना संवेदकाचे आकारमान पाहावे. पूर्ण आकाराचा संवेदक छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी या नावाचा मध्यम संवेदक क्षेत्रफळाने त्याच्या निम्म्याहून काहीसा लहान असतो, आणि मोबाइल फोनमधील संवेदक तर नखाएवढा. अंगणात मोठी परात आणि लहान वाटी ठेवली तर पाऊस कशात अधिक साठेल, हे सांगावयास नको. मोबाइल फोन लागोपाठ घेतलेली अनेक चित्रे एकत्र जुळवून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. रांगोळी, मखर किंवा पायऱ्यांवरील पणत्या यांसाठी तो पुष्कळ झाला. नाचणाऱ्या मुलांपुढे मात्र त्याची युक्ती फसते. कॅनन, निकॉन, सोनी, फुजीफिल्म या साऱ्यांचे कॅमेरे चांगले आहेत; परंतु एकाचे भिंग दुसऱ्याला सहजी बसत नाही. म्हणून आज कॅमेरा घेताना उद्याच्या भिंगांचाही विचार करावा. पैसे मोजके असतील, तर नव्या कॅमेऱ्याऐवजी चांगल्या स्थितीतील वापरलेला कॅमेरा आणि नवे भिंग ही जोडी अधिक शहाणपणाची ठरते.

दुकानात जाताना आपले स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे. दुकानाचा सर्वांत अंधारा कोपरा शोधावा आणि तेथे कॅमेऱ्याचा नेम किती लवकर साधतो, हे पाहावे. चौसष्टशे आयएसओवर दहा चित्रे घ्यावीत, घरी येऊन ती मोठी करून पाहावीत, आणि मगच निर्णय घ्यावा. मोठ्या शहरांत भिंगे एक-दोन दिवसांसाठी भाड्यानेही मिळतात.

आता इतर साधने. फ्लॅशविषयी माझे मन कलुषित आहे, हे आपण ओळखले असेलच. पण दोष साधनाचा नाही. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड एक-चतुर्थांश होतो. म्हणून समोरचा माणूस पांढराफटक आणि मागची माणसे काळोखात, असा प्रकार घडतो. कॅमेऱ्यावर वेगळा बसणारा आणि मान वळविता येणारा फ्लॅश घ्यावा, आणि त्याचा झोत पांढऱ्या छताकडे वळवावा. मग तोच उजेड वरून पसरून मऊ होऊन खाली येतो. मंडपात असे छत नसते; तेथे हा उपाय चालत नाही. गाणारा डोळे मिटून आलाप घेत असेल, होम चालू असेल, तर फ्लॅश लावूच नये. चित्रापेक्षा प्रसंग मोठा आहे.

विजेच्या दिव्यांची आणखी एक खोड सांगतो. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असल्यामुळे पुष्कळसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. कॅमेरा आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला असेल, तर चित्रात आडवे पट्टे उमटतात. अशा वेळी साधे यांत्रिक शटर वापरावे आणि वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवावा. तसेच चित्र रॉ स्वरूपात साठवावे. त्यात रंगांची माहिती अधिक राहते, आणि समईचा पिवळा व छतावरच्या दिव्याचा निळसर पांढरा यांचे भांडण नंतर मिटविता येते. मात्र पिवळेपणा अगदी धुऊन काढू नये. तो त्या संध्याकाळचा रंग आहे.

बाकीची यादी लहान आहे. दोन बॅटऱ्या, दोन मेमरी कार्डे, भिंगावरचे हूड, मऊ फडके, आणि लांबच्या कार्यक्रमांसाठी एकपायी आधार. त्याच रात्री चित्रांच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी साठवाव्यात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, भिंगावर बुरशी धरते. म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून सारे सामान हवाबंद डब्यात ठेवावे.

श्रोतेहो, हे सर्व मी वडील गेल्यानंतर शिकलो. गेल्या दिवाळीत आई तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लावीत होती. मी खोलीतला दिवा मालवला. भिंग एफ १.८, आयएसओ बत्तीसशे, शटर सेकंदाचा साठावा भाग. फ्लॅश नाही. चित्र पाहताना आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना ओवाळलं ना, तेव्हाही उजेड अगदी असाच होता रे."

तो उजेड मी पाहिला होता, पण धरून ठेवू शकलो नाही. आपल्या घरी असा प्रसंग ठरला असेल, तर त्या दिवसाची वाट पाहू नका. आजच रात्री एक निरांजन लावा, घरातल्या कोणाला तरी समोर बसवा आणि वीस-पंचवीस चित्रे घेऊन पाहा. त्यांतील बहुतेक बिघडतील. आज ती बिघडली तरी काही हानी नाही.