खाली येण्याची तयारी



मी साखरखेर्ड्याचा. आमच्या गावाहून लोणार जवळ. तिथलं सरोवर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर आकाशातून आलेल्या अशनीनं काळ्या बसाल्टमध्ये पाडलं. वरून येणारी वस्तू वेग न आवरता जमिनीवर आली की काय होतं, याचा एवढा ढळढळीत पुरावा आमच्या बुलढाणा जिल्ह्यातच आहे. म्हणून रॉकेट वर कसं जातं, यापेक्षा ते धड खाली कसं येईल, हा प्रश्न बुलढाण्याच्या माणसाला आधी सुचला पाहिजे.

रॉकेट एकदा उडवायचं आणि टाकून द्यायचं, हीच बराच काळ बहुतेक रॉकेटांची रीत होती. इंधन संपलं की टप्पा सुटतो, समुद्रात पडतो, पुढच्या वेळी सगळं नवं. स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीनं डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन ९ चा पहिला टप्पा जमिनीवर उभाच्या उभा उतरवला, तेव्हापासून ही रीत बदलू लागली. आपल्या इस्रोनं आधी वेगळी वाट धरली, पंखांची.

२३ मे २०१६ ला सकाळी ७ वाजता श्रीहरिकोट्याहून एक नमुना यान उडालं. वजन पावणेदोन टन. त्याला वर नेलं ९ टन घन इंधनाच्या बूस्टरनं. ते यान ६५ किलोमीटर उंच गेलं, ध्वनीच्या पाचपट वेगानं वातावरणात परतलं आणि बंगालच्या उपसागरात, किनाऱ्यापासून सुमारे ४५० किलोमीटरवर, ठरवलेल्या जागी उतरलं. एकूण ७७० सेकंदांचा खेळ. ते बाहेर काढायचं नव्हतंच. उष्णता सोसते का आणि यान स्वतःला सावरतं का, एवढंच पाहायचं होतं.

खरी गंमत पुढं आहे. धावपट्टीवर उतरायचं, तर आधी पुन्हा पुन्हा उतरून पाहायला हवं आणि त्यासाठी दर वेळी रॉकेट उडवणं परवडत नाही. म्हणून कर्नाटकात, चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेजवळच्या चाचणी केंद्रात, वायुसेनेच्या चिनूक हेलिकॉप्टरला यान टांगून वर न्यायचं आणि साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडून द्यायचं, असं ठरलं. पंख असलेलं यान हेलिकॉप्टरनं एवढं उंच नेऊन, त्यानं आपलं आपण धावपट्टीवर उतरावं, हा प्रयोग जगात आधी कुणी केला नव्हता.

पण म्हणून लगेच सोडलं नाही. २०१९ मध्ये नुसत्या दिशादर्शन यंत्रणेची चाचणी झाली. पुढची काही वर्षं यान हेलिकॉप्टरला टांगलेल्या अवस्थेतही तपासलं. आपल्याला ही वर्षं बातम्यांत दिसली नाहीत, माझ्या मते तयारीतला मोठा वाटा त्यांचाच. २ एप्रिल २०२३ ला यान पहिल्यांदा सुटलं आणि नीट उतरलं. या यानाला इंजिन नाही. पंख आखूड, त्यामुळे ते घारीसारखं तरंगत नाही, भराभर खाली येतं. एकदा चुकलं तर फिरून येण्याची सोय नाही. उंची रडार सांगतं, जागा भारताचे दिशादर्शक 'नाविक' उपग्रह सांगतात. शिवाय उपग्रहासारखे संदेश देणारे प्रक्षेपक जमिनीवरही बसवलेले.

मग परीक्षा मुद्दाम अवघड करत नेली. २२ मार्च २०२४ ला, पुष्पक हे नाव घेऊन, ते धावपट्टीच्या रेषेपासून १५० मीटर बाजूला सोडलं. २३ जून २०२४ ला ५०० मीटर बाजूला, तेही जोराच्या वाऱ्यात. प्रवासी विमान ताशी २६०च्या आसपास टेकतं, हे ३२०च्या वर टेकलं. लगेच मागे पॅराशूट उघडलं, वेग १००वर आला, मग चाकांचे ब्रेक. जूनमध्ये उतरलेलं यान मार्चमधलंच होतं. 'पुनर्वापर' या शब्दाची खरी कसोटी इथं लागते, आणि बातमीत नेमकी हीच गोष्ट एका वाक्यात उरकली गेली.

रात्री परतलेली एसटी तपासून पहाटे पुन्हा सोडायची, हे आगारात रोजचं काम. रॉकेटच्या बाबतीत ते किती जिकिरीचं, हे अमेरिकेच्या डेल्टा क्लिपरनं दाखवलं. उभं उडून उभं उतरणारं हे नमुना रॉकेट १९९३ पासून उडत होतं. जून १९९६ मध्ये त्याच्या दोन उड्डाणांत अवघं २६ तासांचं अंतर ठेवता आलं. ३१ जुलैला ते छान उडालं, छान खाली आलं, पण चार पायांतला एक उघडलाच नाही. रॉकेट कलंडलं, टाकी फुटली, आग लागली. चौकशीत निघालं काय? त्या पायाची हेलियम वायूची एक नळी जोडायची राहून गेली होती. इंजिन निर्दोष, संगणक निर्दोष, गणित निर्दोष. त्यानंतर ते पुन्हा बांधलं गेलं नाही.

पुष्पकचं मोठं काम अजून बाकी आहे. साडेचार किलोमीटरवरून उतरणं वेगळं आणि पृथ्वीच्या कक्षेतून परतणं वेगळं. तिथं वेग सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर, म्हणजे २०१६ च्या उड्डाणाच्या पाचपट. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणून दर किलो वजनामागे ती वीसपटीहून जास्त. ही सगळी ऊर्जा वातावरणात, समोरची हवा दाबत, उष्णतेच्या रूपानं घालवायची आणि आतलं यान शाबूत ठेवायचं. त्यासाठी आणखी मोठं यान इस्रोच्या आराखड्यात आहे. त्याच्या चाचणीची बातमी आली की मथळ्यात उंची असेल, वेग असेल. तुम्ही मात्र खालचा मजकूर शोधा: अंगावरच्या किती उष्णतारोधक टाइल्स बदलाव्या लागल्या, आणि तेच यान पुन्हा कधी उडणार आहे.