अंगाचा वास



आजचा विषय अवघड आहे. समजायला अवघड नव्हे, बोलायला अवघड. माणसाच्या अंगाला घामाचा वास येतो, याबद्दल तोंडावर कुणी बोलत नाही. पाठीमागे मात्र सगळे बोलतात. एस.टी.त शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावतो. लग्नाच्या पंगतीत एखादा उठून दुसरीकडे जाऊन बसतो. ज्याच्यामुळे तो उठला, त्याला ते कळते. तो मान खाली घालून जेवतो.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. जुनी अकरावी मॅट्रिक, पुढे मास्तरकीचा कोर्स, आणि सारा जन्म मुलांत गेला. तरी हा विषय घेतला, त्याला कारण आहे. ते आधी सांगतो.

1996 सालची गोष्ट. आमच्याकडे सातवीचा वर्ग होता. त्यात तेरा वर्षांचा एक मुलगा होता. बाप ऊसतोडीला जाई. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. मुलगा गणितात हुशार. पण त्याच्या अंगाला वास येई. शेजारची मुले तक्रार करू लागली. "गुरुजी, आम्ही याच्यापाशी बसणार नाही. त्यांच्या वस्तीतले सगळेच तसले." असले बोलणे मुले घरूनच शिकून येतात. त्यांचे कान धरायचे, ते आम्ही धरले नाहीत. उलट त्या मुलालाच उभे केले आणि भर वर्गात सांगितले, "अरे, रोज आंघोळ करून येत जा." आणि त्याला मागे खिडकीपाशी एकट्याला बसवले.

दोन दिवसांनी तो यायचा बंद झाला. मग त्याची आई आली. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, माझं पोरगं रोज पहाटं हिरीवर जाऊन थंड पाण्यानं आंघुळ करतंय. थंडीतबी. तुम्ही इचारलं बी न्हाई."

खरेच, आम्ही विचारले नव्हते. आम्ही दोनदा त्याच्या घरी गेलो. पण तो काही परत शाळेत आला नाही.

गेल्या वर्षी तो आम्हाला बाजारात भेटला. आता त्याची स्वतःची मुलगी आठवीत आहे. आमच्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, पोरीला मुली चिडवतात. शाळेत जायला नको म्हणते. काय करू?" दुसरा असता तर आमच्याकडे पाहून थुंकला असता. त्या दिवशी आम्ही ठरवले, की हे काय आहे ते नीट समजून घ्यायचे. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारले. पुस्तके वाचली. जे समजले ते सांगतो.

पहिली गोष्ट ही, की ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. ऐकून हसू येईल, पण खरे आहे. आपल्या कातडीत घाम तयार करणाऱ्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांना ग्रंथी म्हणतात. त्या दोन प्रकारच्या. एक प्रकार अंगभर पसरलेला आहे. त्या ग्रंथी 20 ते 40 लाख असतात. त्यांचा घाम म्हणजे पाणी आणि थोडे मीठ. उन्हात जड काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. तो वाळतो आणि अंग थंड होते. हा घाम आपला मित्र आहे. तो नसता तर उन्हाळ्यात कुणी नांगर धरला नसता.

दुसरा प्रकार काखेत आणि जांघेत असतो. या ग्रंथींचा घाम थोडासाच, पण दाट असतो. त्यात चरबीसारखे पदार्थ असतात. या ग्रंथी लहानपणी झोपलेल्या असतात. मुलगा किंवा मुलगी वयात येऊ लागली, की त्या जाग्या होतात. म्हणून पाच वर्षांचे पोर दिवसभर धुळीत लोळले, तरी त्याच्या काखेला वास येत नाही. आणि तेरा वर्षांच्या पोराला येतो. आमच्या वर्गातला मुलगा नेमका त्याच वयाचा होता. त्याने काही केले नव्हते. तो मोठा होत होता, इतकेच.

मग वास येतो कुठून? तो जंतूंमुळे येतो. आपल्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. नखाएवढ्या जागेत, काखेसारख्या ओलसर ठिकाणी, ते दहा लाखांपर्यंत असू शकतात. घाबरू नका. हे रोगाचे जंतू नव्हेत. जन्मल्यापासून ते आपल्याबरोबर आहेत. आईच्या अंगावरून ते बाळाच्या अंगावर येतात. बाहेरच्या वाईट जंतूंना ते जागा मिळू देत नाहीत. पण काखेतला दाट घाम हे त्यांचे खाणे. तो ते खातात आणि त्यातून उग्र वासाचे पदार्थ तयार होतात.

दुधाचे दही कसे होते ते आठवा. ताजे दूध गोड असते. त्यात विरजण पडले आणि भांडे उबेला ठेवले, की सकाळी दही. विरजणातही जंतूच असतात. काखेतही तसेच घडते. घाम म्हणजे दूध, जंतू म्हणजे विरजण, आणि अंगाची ऊब म्हणजे चुलीजवळची जागा.

1953 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात शेली नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हे तपासून पाहिले. काखेतला दाट घाम स्वच्छ नळीत घेतला. जंतू नव्हते तो घाम तसाच राहिला, त्याला वास आला नाही. ज्यात जंतू होते, त्याला काही तासांत वास मारू लागला. पुढे 2020 साली ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी अगदी मुळाशी हात घातला. काखेतल्या शेकडो प्रकारच्या जंतूंपैकी थोडेच खरे वास करणारे. त्यांतल्या एकाचे नाव स्टॅफिलोकॉकस होमिनिस. नाव लक्षात ठेवू नका, आमचेच दोनदा चुकले. त्या जंतूच्या पोटातला कोणता पदार्थ घामाचे तुकडे करून वास सोडतो, तो त्यांनी शोधून काढला. त्या वासाच्या पदार्थात गंधक असते. कांद्याच्या उग्र वासातही गंधकच असते.

आता तुम्ही म्हणाल, एकाला वास जास्त आणि दुसऱ्याला कमी, असे का? काही अंशी ते आईबापांकडून येते. कोरियात आणि चीनमध्ये बहुतेक लोकांच्या काखेला फारसा वास येतच नाही. गंमत अशी, की त्या लोकांच्या कानातला मळही कोरडा असतो. 2006 साली जपानी शास्त्रज्ञांना कळले, की कानातला मळ कोरडा की चिकट, हे एकाच वारशावर ठरते. तोच वारसा काखेच्या घामालाही लागू आहे. आपल्याकडे दोन्ही प्रकारची माणसे आहेत. एकाच घरातल्या दोन भावांतही फरक असू शकतो. ते ना जातीवर ठरते, ना वस्तीवर.

आता उपाय. नुसते अंगावर पाणी ओतून भागत नाही. काख, जांघ आणि पायाची बोटे यांना साबण लावून चोळले पाहिजे. मग कोरड्या फडक्याने ती जागा नीट पुसावी. ओल राहिली, की जंतूंचे फावते. काखेचे केस काढले किंवा बारीक कापले, तरी फरक पडतो. केसांत घाम आणि जंतू अडकून राहतात. पण दगडाने घासून कातडी लाल करू नका. जंतू सगळे कधीच जात नाहीत, कातडी मात्र सोलते.

आणि कपडे. इथेच आमचा मुलगा हरला होता. त्याला शाळेचा एकच सदरा होता, टेरिकॉटचा. पहाटे अंग धुऊन तो तोच सदरा घाली. तीन दिवसांनी तो धुतला जाई. विरजणाचे भांडे न धुता त्यात ताजे दूध ओतले, तर काय होईल? तसेच झाले. 2014 साली बेल्जियममध्ये लोकांना सुती आणि पॉलिएस्टरचे सदरे घालून व्यायाम करायला लावला आणि मग सदरे हुंगून पाहिले. पॉलिएस्टरच्या सदऱ्यांना जास्त वाईट वास होता. म्हणून घामाच्या दिवसांत सुती कपडा बरा. एकच कपडा असेल, तर निदान काखेचा भाग रोज रात्री साबणाने चोळून धुवावा. सदरा उलटा करून धुवावा. जमेल तेव्हा गरम पाण्यात भिजवावा आणि कडक उन्हात वाळवावा.

एवढे करूनही वास राहिला, तर तुरटी घ्या. न्हावी दाढीनंतर फिरवतो तीच. तुरटीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. दुकानात घाम कमी करणारी महागडी औषधे मिळतात, त्यांतही ॲल्युमिनियमचेच क्षार असतात. ते घामाच्या वाटा काही काळ बंद करतात. सुवासिक फवारे मारतात, त्यांतले काही जंतू कमी करतात आणि काही नुसता वास झाकतात. पावडरीचेही तसेच. डब्यावर काय लिहिले आहे ते आता तुम्हाला वाचता येते, ते वाचून घ्या. तुरटीने न भागले, तर डॉक्टर जास्त जोराचे औषध देतात. ते रात्री कोरड्या काखेला लावायचे असते. जंतू मारणारे लावायचे औषधही असते. पण ते डॉक्टरांनी सांगितले तरच. बाजारात गाडीवर 'रक्त शुद्ध करणाऱ्या' पुड्या विकतात. वास रक्तातून येत नाही. तो पैसा साबणावर खर्च करा.

मेथी आणि लसूण जास्त खाल्ले, तरी घामाला वास येतो. त्याला कुणी भिऊ नये. दोन दिवसांत तो जातो.

पायांचेही सांगितले पाहिजे. पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्यांच्या किंवा दिवसभर रबरी बूट घालणाऱ्यांच्या तळव्यांना कधी बारीक खड्डे पडतात. सुया टोचल्यासारखे. आणि घाण वास येतो. हाही जंतूंचाच प्रताप. 1910 साली कॅस्टेलानी नावाच्या डॉक्टरांनी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, या दुखण्याचे वर्णन केले. यावर लावायचे औषध आहे आणि ते लागू पडते. पाय कोरडे ठेवायचे आणि आरोग्य केंद्रात दाखवायचे.

काही वास मात्र अगदी वेगळे असतात. मधुमेहाच्या माणसाच्या श्वासाला एकाएकी पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला, तो मळमळतो, धापा टाकतो, तर तासभरही थांबू नका. दवाखाना गाठा. आणखी एक विरळा आजार आहे. त्यात शरीराला एक पदार्थ मोडता येत नाही, म्हणून घामाला आणि श्वासाला सडक्या मासळीचा वास येतो. कितीही धुतले तरी जात नाही. महाभारतातली सत्यवती आठवते ना? मत्स्यगंधा. तिची गोष्ट हा आजार सांगताना डॉक्टर लोकही काढतात. तिला पराशर ऋषी भेटले आणि वास गेला. आपल्याला डॉक्टर भेटला पाहिजे. मासे, अंडी, काळीज कमी केले आणि योग्य साबण वापरला, की त्रास बराच उतरतो.

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तिच्या आईला आम्ही हे सगळे सांगितले. दोन सुती सदरे झाले. एक अंगावर, एक दोरीवर. तुरटी आली. महिन्याभराने आम्ही तिच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटलो. तेथल्या बाईंना सांगितले, की हे वयात येण्याचे लक्षण आहे, ते सगळ्या मुलींना एकदम शिकवा, एकीला उभे करून नको. बाईंनी तसे केले. मुलगी शाळेत जाते.

आता तुरटी कशी लावायची ते. खडा आम्ही सोबत आणला आहे. आंघोळीनंतर खडा ओला करायचा, काखेत दोनतीनदा फिरवायचा, वाळू द्यायचा, मग सदरा घालायचा. केस काढल्याबरोबर किंवा कातडी फुटलेली असताना लावू नये, झोंबते. पुरळ आले तर बंद करावे. आणि प्रत्येकाने आपापला खडा वापरावा. बायकांनी पलीकडच्या खोलीत यावे, तिथे नर्सताई बसल्या आहेत. ज्यांना एकट्याने विचारायचे असेल, त्यांनी उद्या सकाळी आमच्या घरी यावे. आठ वाजेपर्यंत आम्ही ओट्यावरच असतो.