जे पत्रांत लिहिले नव्हते

(सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निमित्ताने डोंबिवली येथे सैनिक-कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



डिसेंबरचा पहिला पंधरवडा सैनिक-कुटुंबांच्या पंचांगात वेगळाच असतो. ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. ४ डिसेंबरला नौदल दिन, १९४९ पासून पाळला जाणारा ध्वजदिन ७ तारखेला आणि १६ तारखेला विजय दिवस. या दिवसांत ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत ठिकठिकाणी कार्यक्रम होतात. वीरपत्नींचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते, टाळ्यांचा कडकडाट होतो. सभा संपते, सभागृहाचे दिवे मालवले जातात आणि ती शाल घरच्या कपाटात जाऊन पडते. आजचा विषय त्या कपाटाशेजारच्या पुस्तकांच्या मांडणीचा आहे. सैनिकाने लिहिलेली युद्धाची आठवण जेव्हा एखादी सैनिकपत्नी वाचते, तेव्हा तिला त्या पानांत नेमके काय दिसते?

सर्वसामान्य वाचक असे पुस्तक पराक्रमासाठी उघडतो. कोणती चौकी, कोणता मोर्चा, किती शत्रू, विजय की माघार, हे त्याला हवे असते. सैनिकपत्नीचे वाचन निराळे. तिच्या मनात एक दिनदर्शिका उघडलेली असते. पुस्तकात तारीख आली की तिचे बोट तिथे थांबते. त्या दिवशी धाकट्याला गोवर आला होता. त्या दिवशी सासूबाईंना रुग्णालयात नेले होते. त्या आठवड्यात पत्र आले होते. पत्राच्या पाठीवर गावाचे नाव नव्हते, होता तो केवळ ‘५६ एपीओ’ हा सैनिकी टपालाचा शिक्का. आत चार ओळी: प्रकृती उत्तम, जेवणखाण व्यवस्थित, थंडी बरी आहे, काळजी नसावी. आणि आता पंधरा-वीस वर्षांनी तेच दिवस पुस्तकात असे उभे राहतात की, त्या रात्री तोफांचा मारा पहाटेपर्यंत थांबला नव्हता.

पत्रात हे का नव्हते? एक कारण शिस्तीचे. आपली तुकडी कुठे आहे, काय करते आहे, हे सैनिकाने लिहायचे नसते. दुसरे कारण मायेचे. जे ऐकून घरच्या माणसाला काहीच करता येणार नाही, ते सांगून उपयोग काय, असा त्याचा विचार. म्हणून युद्धाची आठवण हे एका अर्थाने फार उशिरा पोहोचलेले पत्रच असते. ते छापलेले असते, हजार लोक ते वाचतात. पण त्याचा मूळ पत्ता एकाच घराचा असतो.

या दृष्टीने १९६२ च्या युद्धावरील एक पुस्तक पाहण्यासारखे आहे. ब्रिगेडियर जॉन दळवी हे नेफातील नमका चू नदीच्या काठी तैनात असलेल्या ७ इन्फन्ट्री ब्रिगेडचे प्रमुख होते. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे चिनी सैन्याने हल्ला केला आणि काही तासांत ती ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. २२ ऑक्टोबरला दळवी शत्रूच्या हाती सापडले आणि १९६३ च्या मे महिन्यात बंदिवासातून मायदेशी परतले. पुढे १९६९ मध्ये त्यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ प्रसिद्ध झाले. मैदानी प्रदेशातून थेट उंच डोंगरात धाडलेले जवान, अंगावर सुती गणवेश, अपुरी पांघरुणे, मोजका दारूगोळा आणि दिल्लीहून सुटणारे, प्रत्यक्ष भूमीशी नाते नसलेले हुकूम, हा सारा हिशेब त्यांनी परखडपणे मांडला.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली होती. नमका चूचा घाव आठवड्याभरापूर्वीचा होता. देशभर घराघरांतून जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले जात होते. स्त्रियांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीत दिले. मराठी घरेही त्यात मागे नव्हती. आता कल्पना करावी, की त्या दिवाळीत स्वेटर विणलेल्या एखाद्या सैनिकपत्नीने काही वर्षांनी दळवींचे पुस्तक वाचले. पांघरुणाच्या अपुरेपणाविषयीचे वाक्य लष्करी अभ्यासक एका ओळीत ओलांडून जाईल. ती जाणार नाही. थंडीच्या रात्री लेकरांना एक पांघरूण पुरत नाही, हे तिला ठाऊक आहे. आपण विणत होतो तेव्हा ज्यांच्यासाठी विणत होतो त्यांच्यातले कितीतरी आधीच बर्फात पडले होते, हे तिला त्या पानावर कळते. आणि तिच्या मनात केवळ दुःख उरत नाही, तिथे प्रश्नही जन्माला येतो. बूट का नव्हते? गरम कपडे वेळेवर का पोहोचले नाहीत? माणसे पाठवण्याआधी कुणी विचार केला होता का?

हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार तिचा आहे. वीरपत्नीने फक्त धीरोदात्त असावे, डोळ्यांतले पाणी गिळावे आणि व्यासपीठावर नमस्कार करावा, अशी आपली समजूत झाली आहे. प्रामाणिकपणे लिहिलेली युद्धाची आठवण तिला या चौकटीतून बाहेर काढते. पती शत्रूशी लढताना पडला, हा अभिमान तिच्याजवळ असतोच. पण त्याला लढायला जे द्यायला हवे होते ते दिले गेले होते का, हे विचारताना ती अधिक जागरूक नागरिक होते. यात सैन्याविषयी अनादर नाही. उलट, सैन्यावर खरे प्रेम करणाऱ्या समाजाने आपल्या सैनिकांच्या पराभवाच्या कथाही उघड्या डोळ्यांनी वाचल्या पाहिजेत. मेजर जनरल शशिकान्त पित्रे यांनी १९६२ च्या पराभवावर मराठीत ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ असे नाव दिले. ते नाव सैनिकांच्या घरांनाही लागू पडते. कितीतरी घरांत एक न सांगण्याजोगी गोष्ट असते. पुस्तक निघाले तर ती सांगितली जाते. एरवी ती माणसाबरोबरच जाते.

काही घरांत मात्र पुस्तकही येत नाही आणि माणूसही येत नाही. १९७१ च्या युद्धातील दोन मराठी वैमानिकांच्या कथा शेजारी शेजारी ठेवल्या, की हे लक्षात येते. दोघेही सुखोई-७ विमानांवर होते. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे विमान १० डिसेंबरला पाडले गेले आणि ते युद्धकैदी झाले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये, पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, ते मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले. अफगाण सीमा काही मैलांवर असताना लंडी कोतल येथे तिघे पकडले गेले. त्या वर्षाच्या डिसेंबरात ते सन्मानाने परतले. ही थरारक कहाणी पुढे पुस्तकरूपानेही वाचकांसमोर आली.

दुसरे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोडच्या मोहिमेवर गेलेले त्यांचे विमान परतले नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. १९७१ नंतर पाकिस्तानात राहिल्याचे मानले गेलेल्या चोपन्न बेपत्ता भारतीय सैनिकांच्या यादीत विजय तांबे यांचे नाव आहे. दमयंतीताईंनी दुसरा संसार मांडला नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी क्रीडा विभागाचे काम केले आणि सरकारदरबारी दाद मागणे सोडले नाही. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांचा एक गट पाकिस्तानातील तुरुंग पाहून आला. हाती काही लागले नाही.

युद्धकैद्याची कोणतीही आठवण अशा घरातील स्त्री कशी वाचत असेल, याचा विचार करून पाहावा. पलायनाचा थरार तिच्यासाठी दुय्यम. कोठडी किती मोठी होती, खायला काय मिळत होते, शेजारच्या खोलीत कोण होते, कुणाचे नाव ऐकू आले होते का, हे तिचे प्रश्न. लेखकाने सहज लिहून टाकलेला एखादा तपशील ती पुन्हा पुन्हा वाचणार.

महाराष्ट्राला ही प्रतीक्षा नवी नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण पार्वतीबाईंनी ते अखेरपर्यंत मानले नाही, सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. त्याच पानिपताहून जीव वाचवून आलेल्या तरुण नाना फडणिसांनी आपल्या छोट्या आत्मचरित्रात ती धावपळ नोंदवून ठेवली. त्यात त्यांची आईही हरवली होती. बखरकारांनी लढाई लिहिली, भाऊंच्या रागालोभाचे वर्णन केले. पार्वतीबाईंच्या त्या वर्षांतला एक दिवस कसा जात असे, हे मात्र त्यांच्याच शब्दांत आपल्यापर्यंत आलेले नाही. युद्धाचा अर्धा इतिहास असा हातातून निसटतो.

अलीकडच्या काळात या प्रतीक्षेने एक निराळे वळण घेतलेले दिसते. मीरा रोडचे, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यातील, मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरमधील गुरेझ भागात घुसखोरांशी लढताना हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी पुढे सैन्याची निवड परीक्षा दिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून त्या लेफ्टनंट झाल्या. तेव्हा घरी लहान मुलगा होता. विरारचे मेजर प्रसाद महाडिक डिसेंबर २०१७ मध्ये तवांग भागात आगीत गेले. त्यांच्या पत्नी गौरी महाडिक मार्च २०२० मध्ये सैन्यात अधिकारी झाल्या. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात पडले. स्वाती महाडिक सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. आजवर पत्नी वाचक होती आणि पती लेखक. या भगिनींनी ती सीमारेषाच पुसली. उद्या त्यांच्यापैकी कुणी आठवणी लिहिल्या, तर एकाच पुस्तकात रणांगण आणि घर दोन्ही असतील.

पण सर्वच जणी गणवेश चढवणार नाहीत आणि चढवावा असेही नाही. बहुसंख्य सैनिकपत्नींचे रणांगण घरातलेच असते. कल्याण स्थानकावर पंजाब मेल दोन-तीन मिनिटे थांबते. तेवढ्यात काळी ट्रंक आणि होल्डॉल आत चढतो, लेकरू खिडकीशी उचलून धरले जाते आणि गाडी कसाऱ्याच्या घाटाकडे निघून जाते. फलाटावरून घरी परतताना तिच्या डोक्यात सिलिंडर लावायचा असतो, शाळेची फी भरायची असते, सासऱ्यांची औषधे आणायची असतात. दोन-तीन वर्षांनी बदली, नवे क्वार्टर, मुलांना नवी शाळा, नवी भाषा. मग एक दिवस तो निवृत्त होऊन येतो आणि रात्री दचकून उठून बसतो. पुस्तकात त्याने लिहिलेले असते की भीती वाटली नाही. तिला ठाऊक असते की भीती रणांगणावर वाटायला सवड नव्हती, ती पुढे घरी आली. पुस्तकाच्या आरंभी एक ओळ असते: ‘पत्नीस अर्पण’. बारा प्रकरणे युद्धाला आणि एक ओळ घराला. ही तक्रार नाही, हा हिशेब आहे. आणि तो पुरा करण्याची जबाबदारी केवळ त्या दोघांची नाही.

ती समाजाची आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. डोंबिवलीला तर वाचनाचे वेड आहे. ग्रंथांसाठी इतके झटणाऱ्या या परिसराने आपल्या शेजारच्या सैनिक-कुटुंबांकडील पत्रांची पेटी जपायला हवी. ठाण्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिक आणि वीरपत्नींशी संपर्क साधायचा तर तिथूनच सुरुवात करता येते. घडाभर भाषणांपेक्षा एक वही आणि एक रविवार पुरेसा आहे. १९६२ चे आणि १९६५ चे साक्षीदार आता फार थोडे उरले आहेत, १९७१ चे सत्तरीच्या पुढे गेले आहेत आणि १९९९ च्या कारगिलला पाव शतक उलटून गेले. उशीर करायला वेळ उरलेला नाही.

जाताना एक पथ्य पाळावे. निवृत्त सैनिकाला त्याच्या लढाईविषयी विचारावेच. मग स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आलेल्या काकूंनाही बसायला सांगावे आणि विचारावे: ‘काकू, त्या दिवशी तुम्ही काय करत होता?’ त्या आधी म्हणतील की, सांगण्यासारखे काही नाही. तरी वही मिटू नये. थोडा वेळ थांबावे.