दहा दिवसांतल्या दोन बातम्या



मी पत्रकार नाही, कोड लिहून पोट भरतो. पण आज शब्दांबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

21 जुलै 2025. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात 12 जणांची निर्दोष मुक्तता केली. खालच्या कोर्टाने त्यांतल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. एकजण हा निकाल ऐकायला जिवंतच नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवताना एक सहकारी सहज म्हणाला, "पुराव्याअभावी सुटले ना?" माझा घास अडकला. 'सुटले' या शब्दात 'केलं होतं, पण निसटले' असा वास येतो. मी त्याला बरंच सुनावलं.

31 जुलै. विशेष एनआयए न्यायालयाने 2008 च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. भिक्खू चौक, रमजानचा महिना, सहा जणांचा मृत्यू. मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "पुराव्याअभावी सुटले!" धाकट्या बहिणीने फक्त एवढंच विचारलं, "भाईजान, दहा दिवसांपूर्वी हा शब्द चालत नव्हता ना?"

रात्री झोप लागली नाही.

आमच्याकडे टेस्टिंगची एक साधी पद्धत असते. कोड तोच ठेवायचा, इनपुट बदलायचा. बातमीचंही तसंच करून बघा. मजकूर तोच, आरोपीचं नाव तेवढं बदला. सकाळचा 'संशयित' संध्याकाळच्या चॅनेलवर 'दहशतवादी' होतो का? 'मास्टरमाइंड' कोणाला म्हणतात, आणि 'माथेफिरू' कोणाला? बऱ्याच बातम्या या टेस्टमध्ये नापास होतात. माझा मेसेजही झाला.

आणखी एक गोष्ट नंतर खटकली. दोन्ही दिवशी आपण आरोपींसाठी शब्द शोधत होतो. लोकलमध्ये 180 पेक्षा जास्त माणसं गेली. त्यांच्यासाठी बातमीत शेवटचा एक परिच्छेद, तोही 'स्फोट झाला होता' असा. जणू ढग फुटला.

मी मेसेज पुसला आणि पुन्हा लिहिला: "मालेगाव 2008, सातही आरोपींची निर्दोष मुक्तता. सहा जणांना कोणी मारलं, हे सिद्ध झालेलं नाही." लिहिताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू. मामूंनी ग्रुपवरच विचारलं, "तू कोणाच्या बाजूने आहेस?"

त्यांना मी फोन केला. तासभर बोललो. अजून पटलेलं नाही त्यांना.