आधी खड्डा, मग व्यवहार



सैन्यात मी २८ वर्षं काढली. मोर्चा कुठे बांधायचा, खंदक किती खोल जाईल, पावसात गाडी कुठे रुतेल, हे जमीन बघून सांगणं हे आमचं रोजचं काम. आणि निवृत्त झाल्यावर मी स्वतःची जमीन मात्र नीट न बघताच घेतली. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

महूला नेमणूक असताना माळवा मनात भरला होता. म्हणून तिथेच साडेचार एकर घेतले. तीन एकर सपाट, काळीभोर जमीन. उरलेला दीड एकर मुरमाड उंचवटा, वर नुसतं गवत आणि बाभळी. मी ठरवलं, घर सपाटीला, रस्त्यालगत बांधायचं. उंचवटा वाया गेला असंच धरून चाललो. शेजारचे वयस्कर शेतकरी म्हणाले, "साहब, काली मिट्टी करवट बदलती है. मकान ऊपर बनाओ." मी हसून सोडून दिलं. कंत्राटदाराने चार फूट पाया खणला आणि फंडाचा बहुतेक पैसा त्यात गेला.

दुसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. पावसाळ्यात दार लागेना. एका रात्री बायको म्हणाली, "अहो, हे घर आपल्या हयातीत तरी टिकेल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर जमिनीखाली होतं. माळवा आणि महाराष्ट्राचा बराचसा भाग एकाच काळ्या कातळावर बसला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. हा कातळ झिजतो तेव्हा उंचावर मुरूम राहतो आणि बारीक चिकणमाती सखल भागात साचते. ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात भेगांत हात जातो. अशा मातीत पाया हलत्या थराच्या खाली न्यावा लागतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यासाठी तळाशी फुगीर असलेले खास खांब विकसित केले. चार फुटांच्या साध्या पायाचं ते काम नाही.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. जमीन जिथे जिथे वेगळी दिसते, तिथे एकेक खड्डा घेतला, पाच-सहा फुटांचा. काठावरून थर मोजून लिहून ठेवले. खड्ड्यात एकट्याने उतरू नका, कडा ढासळते. ओली माती अंगठा आणि बोटामध्ये दाबून पट्टी काढली. लांब, न तुटणारी पट्टी म्हणजे चिकणमाती जास्त. छोट्या खड्ड्यात पाणी भरून किती वेळात जिरतं ते पाहिलं. काळ्या मातीत ते तसंच उभं राहिलं, म्हणजे शौचालयाचा शोषखड्डाही तिथे चालणार नव्हता.

पाण्यासाठी भर उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी बघा. अखंड कातळात पाणी जवळजवळ नसतं. ते झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांत असतं. म्हणून शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी आहे म्हणून आपल्याला लागेलच असं नाही.

पिकासाठी मातीचा नमुना वेगळा घ्यायचा. आठ-दहा ठिकाणची, १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यायची. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी कळतात. पण लक्षात ठेवा, ती पत्रिका पिकाचं सांगते, पायाचं नाही. पायासाठी अभियंत्याकडून वेगळी तपासणी करून घ्या.

तुमची जमीन गोव्यातल्या जांभ्यावर असेल, कर्नाटकातल्या तांबड्या मातीत किंवा गुजरातच्या गाळाच्या जमिनीत असेल. उत्तरं वेगळी येतील, पण प्रश्न हेच विचारायचे.

आज आम्ही त्या 'वाया' गेलेल्या उंचवट्यावर दोन खोल्यांत राहतो. काळ्या जमिनीत सोयाबीन आणि हरभरा होतो. जुन्या घरात पोती ठेवतो आणि दरवर्षी तडे बुजवतो.

व्यवहाराआधी मालकाकडे एक दिवस मागा आणि खड्डा घ्या. तो खड्डा घेऊ देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.