धडा कोणाच्या बोलीत?



दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याचा मजूर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर उतरतो. जपून काम कसे करावे, हे त्याला संगणकावर चित्र, आवाज आणि प्रश्न एकत्र गुंफून शिकवता येते. असे धडे रचण्याचे ‘एक्सई लर्निंग’सारखे सॉफ्टवेअर फुकटही मिळते. मुंबईच्या आय. आय. टी.तील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ची रीत मला पटते, कारण मीही शाळेबाहेरच शिकलो: आधी संहिता, ती नवख्याकडून तपासून घ्यायची, मगच ध्वनिमुद्रण. चित्र तेच ठेवून आवाज तेवढा दुसऱ्या भाषेत भरतात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. वारली त्यांत नाही. पण आवाजाची पट्टी निराळी असते, तिथे वारलीही बसेल. म्हणून मागणी एवढीच: तपासणीला मोखाड्याचा मजूर बसवा, त्याला त्या दिवसाची मजुरी द्या, आणि तो अडेल तिथे धडा बदला.