मनगटावरची घड्याळे



कामगार चळवळीतल्या माणसाने घड्याळांवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमच्याजवळ चौतीस मनगटी घड्याळे आहेत. त्यांतले एकही सोन्याचे नाही. महिन्यातून एका रविवारी येथली आणि बांदा-कुडाळकडची पाचसात शौकीन मंडळी जमतात, टेबलावर पांढरे फडके अंथरतात आणि जो तो आपापली घड्याळे मांडतो. मग जे वाद होतात, तसे युनियनच्या सभेतही आम्ही फारसे ऐकलेले नाहीत!

फडक्यावर गर्दी असते ती एचएमटीची. या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळे काढली. त्यांतले ‘जनता’ हे रोज किल्ली द्यावयाचे, सतरा ज्युवेलांचे. तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. पुढे सेलवरच्या घड्याळांनी बाजार काबीज केला आणि २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करण्याचे ठरविले. शौकिनांची मागणी आहेच, तेव्हा जुन्या यंत्रावर नव्या रंगाची तबकडी चढवून विकणारेही आहेत. अशा मालाला शौकीन लोक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भिंग लावून अक्षरे पाहा. ती जाड, फुगलेली, किंचित तिरकी असली तर सावध व्हा. आणि आपल्या कोकणच्या पावसाळ्यात काचेआड धुके दिसले, तर घड्याळ उन्हात न ठेवता लगेच कारागिराकडे न्या. तबकडी गंजली की उपाय नाही.

आता वेळेविषयी. १९०६ साली सरकारने हिंदुस्थानाला एक प्रमाणवेळ लावली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांनी तिला विरोध केला, कारण घड्याळ पुढे गेले तरी सूर्य काही लवकर उगवत नव्हता.

आमच्या उमेदवारीच्या दिवसांत एका कारखान्याच्या फाटकावरचे घड्याळ सकाळी पाच मिनिटे पुढे असे आणि सुटीच्या वेळी पाच मिनिटे मागे. दहा मिनिटे ती काय, असे कोणीही म्हणेल. परंतु तेथे शंभर माणसे होती. हजार मिनिटे, म्हणजे रोज सोळा तास चाळीस मिनिटे: दोन पाळ्यांहून अधिक फुकट श्रम! आम्ही तिघांनी आपापली घड्याळे रेडिओच्या वेळेशी जुळविली आणि पंधरा दिवस वहीत नोंदी केल्या. व्यवस्थापकांपुढे ती वही ठेवली, तेव्हा फाटकावरचे घड्याळ दुरुस्त झाले. त्या तिघांतले आमचे घड्याळ ‘जनता’च होते.

गेल्या खेपेस मंडळीत एका गृहस्थांनी आपल्या वडिलांचे घड्याळ आणले. वडील मुंबईला गिरणीत होते. तबकडी पिवळी पडलेली, काच ओरखडलेली, मागच्या झाकणावर खिळ्याने कोरलेला हजेरीचा क्रमांक. नवी तबकडी बसवून झाकण पॉलिश करावे काय, असा त्यांचा प्रश्न. निम्मे म्हणाले, करा. वापरायची वस्तू नीटनेटकी हवी. आमचे मत उलट पडले. यंत्र साफ करावे, तेल घालावे, काच बदलावी. पण क्रमांक पुसू नये. त्या गृहस्थांनी अजून काही ठरविलेले नाही. पुढच्या रविवारी ते पुन्हा येणार आहेत, आणि आपणांपैकी कोणाला आपले मत द्यावयाचे असेल, तर त्यांनीही अवश्य यावे.